आजोबांच्या विंचेस्टरला दुर्बीण नको, पीप साईट बसवा

भाऊ, तुमची अडचण समजली. आजोबांची विंचेस्टर 94 रायफल, थर्टी-थर्टी काडतुसाची, रीतसर तुमच्या परवान्यावर आली. पण पन्नाशीनंतर पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) धूसर दिसते, म्हणून तीन ते नऊ पटीची दुर्बीण बसवायची म्हणता. या रायफलीवर ती बसवू नका.

जुनी 94 काडतुसाची रिकामी पुंगळी वरच्या बाजूने फेकते. बरोबर वर दुर्बीण आली की पुंगळी तिला धडकून आतच अडकते. तिरकी फेकणारं मॉडेल 1980च्या दशकात आलं, तुमची त्याच्या कितीतरी आधीची. मग बाजूचा माउंट उरतो. माझ्या काकांच्या रायफलीला एका कारागिराने त्यासाठी भोकं पाडली, ती जराशी तिरकी गेली. दुर्बिणीची चाकी शेवटापर्यंत फिरवली तरी गोळी डावीकडेच. भोकं काही बुजत नाहीत, आणि जुन्या 94ची किंमतही त्यांनी उतरते. दस्ताही (खांद्याला टेकणारा लाकडी भाग) मागची खाच आणि पुढची माशी अशा उघड्या साईटसाठी खाली उतरता केलेला आहे. दुर्बिणीतून पाहायचं तर गाल हवेत राहतो.

तुमच्या डोळ्यांना खरा उपाय पीप साईट, म्हणजे मागच्या खाचेऐवजी छिद्र असलेली साईट. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चष्मा काढून मुठीच्या फटीतून पेपर वाचून बघा, लगेच पटेल. शिवाय मागची खाच, माशी आणि लक्ष्य असं तिन्हीवर डोळा लावावा लागत नाही. छिद्राच्या मधोमध नजर आपोआप जाते, तुम्ही फक्त माशी धरायची. संध्याकाळी तुरीच्या वावरात उजेड उतरला की मोठं छिद्र घ्या. बारीक छिद्र फक्त कागदावर गोळ्या मारायला. नंतरच्या बऱ्याच 94वर रिसिव्हरच्या (नळीमागचा यंत्रणेचा लोखंडी भाग) डाव्या बाजूला यासाठी कारखान्यातूनच भोकं असतात, आधी स्क्रू काढून तपासा. नसतील तर टँगवर (रिसिव्हरमागची दस्त्यावर येणारी पट्टी) बसणारी पीप शोधा.

एक गोष्ट लोक विसरतात. पीप जुन्या साईटपेक्षा उंच बसते, त्यामुळे गोळी वर जाते. माशीही उंच घ्यावी लागते. जुनी माशी पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) डावीकडून उजवीकडे काढायची, नवी उजवीकडून आत घालायची. हे काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्या.

मार्लिन 336 ही रायफल असती तर माझं उत्तर वेगळं असतं. ती बाजूने पुंगळी फेकते, वरून सपाट आहे. दीड ते चार पटीची हलकी दुर्बीण, बुटक्या रिंगा, आणि हॅमरला (घोड्याला) बाजूने अंगठा लागेल असा जोड. बस.

नेम रायफल क्लबच्या रेंजवरच जुळवा, वावरात नाही. काडतुसं मिळणं कठीण, म्हणून आधी 25 यार्डांवर तीन गोळ्यांचा गट पाहा, मग 100वर जा. मागची साईट ज्या दिशेने सरकवाल त्याच दिशेने गोळी सरकते, माशीचं उलटं. नळीखालच्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणून त्यात चपट्या तोंडाचीच काडतुसं भरा. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागावर) टेकते, धक्क्याने ते आतच उडू शकतं.

आणि रानडुक्कर असो की रोही, 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याचा लेखी परवाना हातात आल्याशिवाय रायफल धुऱ्यावर नेऊ नका.