सामान बांधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. मुलगा-सून पॅरिसला असतात. यंदा मेच्या शेवटी आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. यजमानांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. मृग बहारासाठी पाणी तोडून झाडं ताणावर सोडली की तेवढेच दिवस त्यांना घराबाहेर पडता येतं. मुलगा म्हणतो, एक शनिवार-रविवार वाइनच्या मुलखात जाऊ. शॅम्पेन, बर्गंडी की बोर्डो, ते तुम्ही ठरवा. अडचण अशी की हे माळकरी. दारूचा थेंब नाही, अंडंसुद्धा नाही. म्हणतात, "तुम्ही प्या, मी खोलीत हरिपाठ म्हणत बसतो." मला मात्र एकदा चाखून बघायची आहे. दोघांचं जमेल असं काही सुचवा. माझे गुडघेही कुरकुरतात.
— एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : बोर्डोला जा. आणि तुमच्यासाठी नाही, तुमच्या यजमानांसाठी, म्हणजे भाऊंसाठी जा.

भाऊ पावसाळ्याआधी संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावतात की नाही? मोरचूद आणि कळीचा चुना कालवून कमरेइतक्या उंचीपर्यंत खोड निळं करतात, डिंक गळण्याचा रोग, डिंक्या, येऊ नये म्हणून. ते औषध याच गावच्या शिवारातलं. 1882 साली मिलार्दे नावाचे बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मेदोक भागातल्या सँ-ज्युलियँ गावच्या द्राक्षबागांतून चालले होते. त्या वर्षी केवडा नावाच्या रोगाने वेलींची पानं झडली होती, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, येणारेजाणारे द्राक्षं तोडून खातात म्हणून मालकाने कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळं, कडू काहीतरी दिसलं की कोणी हात लावणार नाही, एवढाच हिशोब. मिलार्देंनी त्यावर प्रयोग केले, 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि आज काटोल-वरुडपासून नाशिकपर्यंत एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे पोरंही सांगतात. रस्त्याकडेच्या झाडांची फळं कोण नेतं, हे भाऊंना वेगळं सांगायला नको.

मेच्या शेवटी तिकडे वेली फुलोऱ्यावर येत असतात आणि केवड्याच्या भीतीने फवारण्या चाललेल्या असतात. भाऊंना बघायला हाच उत्तम काळ. ओळीच्या टोकाला गुलाबाचं झुडूप दिसेल. भुरी नावाचा रोग आधी गुलाबावर दिसतो म्हणून ते लावायची जुनी रीत होती, आता शोभेसाठी ठेवतात. वेलीचं खोड जमिनीजवळ बघायला सांगा, कलमाची गाठ स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. उपायही अमेरिकेतूनच आला : खुंट तिकडच्या द्राक्षाचा, डोळा फ्रान्सच्या जातीचा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणाऱ्या माणसाला यात दुभाष्या लागणार नाही. मेदोकच्या नावाजलेल्या बागांत हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली असतात, मीटरभर अंतरावर एक. आपल्याकडे सहा बाय सहा मीटरवर संत्रा लावला तर हेक्टरी पावणेतीनशे झाडं. वर ठिबकही नाही, वेली बहुतेक पावसावरच. भाऊ तिथे निदान तासभर वाद घालतील, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आता वेळेचं. बर्डीवर तिकीट काउंटरला इतकी वर्षं काढली, त्यात "वीकेंड" म्हणून शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी दमून परतणारे पुष्कळ पाहिले. वाइनच्या मुलखात तर तो बेत हमखास फसतो, कारण मेदोकमधल्या कित्येक शातो, म्हणजे बागेसकट वाइन करणारी घराणी, शनिवार-रविवारी बंद असतात, आणि उघडी असली तरी आधी वेळ घेतल्याशिवाय दारात घेत नाहीत. म्हणून मुलाला शुक्रवारची सुट्टी टाकायला सांगा. सकाळी पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही, म्हणजे तिथली वेगवान रेल्वे, पकडा. स्टेशन नीट बघा हो, पॅरिसला प्रत्येक दिशेचं स्टेशन वेगळं असतं. 2017 मध्ये नवा मार्ग झाल्यापासून बोर्डो दोन तासांच्या थोडं वर आहे. तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. आणि मे महिन्यात तिथे सणांच्या सुट्ट्या एकाला एक लागून येतात, असेन्शनचा गुरुवार, पेंटेकोस्टचा सोमवार. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद. तारखा ठरवण्याआधी कॅलेंडर बघा.

शुक्रवारी दुपारी भाऊंची बाग. तेथल्या पर्यटन कार्यालयाच्या अर्ध्या दिवसाच्या सहली असतात, मिनीबसने नेतात-आणतात. मुलाला गाडी भाड्याने घेऊ देऊ नका. चाखायचं तर चालवायचं नाही. फार लांब जायचं नसेल तर पेसाक हे शहरालाच चिकटलेलं उपनगर ट्रामने गाठा. घरांच्या आणि रस्त्यांच्या मधोमध द्राक्षबागा आहेत. तिथलं पाप क्लेमाँ हे शातो चौदाव्या शतकात पोप झालेल्या बोर्डोच्या आर्चबिशपच्या नावाचं. शेजारचं ओ-ब्रियाँ 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीत मेदोकबाहेरचं एकमेव लाल वाइनचं घराणं. ती यादी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केली. पहिल्या वर्गात तेव्हापासून एकच नवं नाव चढलं, 1973 मध्ये, मुताँ रोथशिल्डचं. मला विचाराल तर या यादीतल्या बाटल्यांच्या मागे लागू नका. किंमत नावाची असते, तुम्हाला फक्त चव बघायची आहे.

चाखण्याबद्दल एक. टेबलावर एक बादली किंवा भांडं ठेवलेलं असतं. घोट तोंडात घोळवायचा आणि त्यात थुंकायचा. यात अपमान नाही, तीच रीत आहे. नागपूरच्या माणसाला खर्ऱ्यामुळे नेम असतोच, पण इथे पिचकारी नको, हळूच. पाच-सहा वाइन गिळत बसलात तर सातवीची चव कळत नाही, आणि पहिल्यांदाच घेताय म्हणून सांगते, पोट भरलेलं असू द्या. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. लाल वाइन नितळ करायला पूर्वीपासून अंड्याचा पांढरा बलक वापरतात. तुम्हालाही अंडं वर्ज्य असेल तर "वेगन" लिहिलेली बाटली मागा, हल्ली मिळते.

शनिवार शहरात काढा, आणि चालत. बोर्डोचा जुना भाग 2007 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण यादी विसरा आणि गारोन नदीच्या काठाने फिरा. रस्ता सपाट आहे, गुडघ्यांची तक्रार होणार नाही. प्लास द ला बूर्ससमोर फरशीवर दोन सेंटीमीटर पाणी सोडलेला आरसा आहे, त्यात अठराव्या शतकातल्या इमारतींचं प्रतिबिंब पडतं. पोरं त्यात अनवाणी धावतात. तुम्हीही चपला काढा, कोणी काही म्हणत नाही. थकलात की ट्राम. जुन्या भागात तिला वरची वीजतार नाही, रुळांमधून वीज मिळते, भाऊंना दाखवा.

दुपारी "सिते द्यु वाँ", हे वाइनचं मोठं संग्रहालय, 2016 मध्ये उघडलं. कानाला यंत्र लावून ऐकत फिरायचं. तिकिटातच आठव्या मजल्यावरून शहर बघत एक पेला मिळतो, न पिणाऱ्याला द्राक्षाचा रस देतात. भाऊंना हरिपाठासाठी खोलीत बसायची गरज नाही. संध्याकाळ मोठी असते, साडेनऊपर्यंत उजेड. तोवर जेवण पुढे ढकलू नका.

जेवणाचं खरं कठीण आहे, तिथे लपवाछपवी करत नाही. भाज्या बदकाच्या चरबीत परततात, सूप मांसाच्या पाण्यावर असतं, चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं. गावची खूण असलेला कानले नावाचा काळपट छोटा केक सगळीकडे खुणावेल, पण त्यात अंड्याचा पिवळा बलक आणि रम दोन्ही असतं. पांढरा वाइनमध्ये गेला, पिवळा उरला, त्यातून हा केक आला असं गावकरी सांगतात. भाऊंसाठी तो बाद, तुम्ही ठरवा. मुलाकडून फ्रेंचमध्ये एक चिठ्ठी लिहून घ्या : मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, दारू नाही. वाढप्याला तोंडी समजावण्यापेक्षा ती दाखवा. आणि हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, सँ-मिशेलच्या बाजूला. कापुसँ नावाची भाजीबाजाराची मंडई तिथून जवळ आहे, सोमवारी बंद, शनिवार-रविवारी सकाळी जोरात. टोमॅटो, वाटाणे, ब्रेड घ्या, घरून मेतकूट आणि दोन मुठी तांदूळ न्या. सकाळी तर्री पोहे मिळणार नाहीत, तेवढं सोसा.

रविवारी सँतेमिलियाँ या वाइनच्या गावाला गेलात तर गाव सुंदर आहे. रेल्वेने पस्तीस-चाळीस मिनिटं. एकाच चुनखडीच्या खडकातून कोरलेलं भूमिगत चर्च आहे, वाटाड्यासोबतच आत सोडतात. पण तुमचे गुडघे आठवून सांगते : स्टेशनपासून वीसेक मिनिटं चाल, गावात दगडी फरशीचे चढ. रविवारी गाड्याही विरळ, परतीची वेळ आधी टिपून ठेवा. जमत नसेल तर बोर्डोतच शारत्राँ भागात नदीकाठी रविवार सकाळचा बाजार भरतो, तिथे बसा, संध्याकाळची टीजीव्ही पकडा. मी तुमच्या जागी असते तर हा बाजाराचाच बेत केला असता.

शॅम्पेन भागातलं रँस शहर पॅरिसहून पाऊण तासावर आहे, खडूच्या तळघरांत बाटल्या झोपलेल्या असतात. तुम्हाला आवडेल, पण भाऊ दिवसभर तळघरात काय करतील?

प्रश्न : दीड दिवसात बोर्डो, बर्गंडी आणि अल्सास असं जमेल का?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही.

प्रश्न : येताना वाइनच्या बाटल्या आणता येतात का? गेल्या वर्षी एकाने दिलेली बाटली उघडली तर शिरक्यासारखी निघाली.
— निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर

उत्तर : भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त, म्हणजे नेहमीच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आरामात. गावातल्या दुकानातून घेतलेल्या बाटल्या विमानात हातातल्या पिशवीत नेता येणार नाहीत. कपड्यांत गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून मोठ्या बॅगेत घाला, म्हणजे फुटली तर साड्या वाचतात.

आंबट होण्याचं कारण बहुधा तुमच्याच घरात आहे, साहेब. बाटली कुठे ठेवली होती? माळ्यावर ना? नागपूरच्या मेमध्ये पारा 45 ला टेकतो, माळा त्याहून तापतो. वाइन फुगते, बूच सरकतं, हवा आत जाते आणि आतला माल उतरतो. विमानतळावरून आणताना गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली तरी पुरे. वाइनला बारा-पंधरा अंशांच्या आसपासचा गारवा, अंधार आणि आडवी जागा लागते. तुमच्याकडे तळघर नाही, तेव्हा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि होळीच्या आत संपवा. लाल असेल तर पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. तोही हिवाळ्यात. उन्हाळ्यात दहा मिनिटं खूप झाली.