छोट्या ऑफिससाठी मोफत, ओपन सोर्स व्हीपीएन कोणतं बसवावं?

वायरगार्ड. (व्हीपीएन म्हणजे घरचा लॅपटॉप इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा बंद बोगदा.) पण त्याआधी एक काम आजच करा. तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या टॅलीसाठी सहा जण घरून येतात आणि राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (ऑफिसचा पीसी दुरून चालवण्याच्या सोयीचं) पोर्ट थेट उघडं ठेवलंय. ते बंद करा. रिमोट डेस्कटॉपचं हे ३३८९ नंबरचं दार जगभरातले बॉट रात्रंदिवस ठोठावत असतात. मी एकदा आमच्या मशीनचा लॉग उघडला, तर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नावाने फसलेल्या लॉगिनची रांगच्या रांग होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ओपनव्हीपीएन २००१ पासून आहे आणि भरवशाचं आहे. पण त्यातली प्रत्येकाच्या ओळखीची सर्टिफिकेटं बनवा, सांभाळा, मुदत संपली की पुन्हा बनवा, हे सहा माणसांच्या ऑफिसात कोण करणार? जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेल्या वायरगार्डचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, आणि २०२० पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. प्रत्येक लॅपटॉपला किल्ल्यांची एक जोडी: खासगी किल्ली तिथेच राहते, सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्यायची. ओळखीची किल्ली नसेल तर ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. गंमत अशी की तुमचं चुकलं तरी ते तितकंच गप्प बसतं. मी सर्व्हरच्या किल्लीच्या जागी माझीच सार्वजनिक किल्ली चिकटवून एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. ‘लेटेस्ट हँडशेक’ची (दोन्ही टोकं शेवटची कधी जुळली ते सांगणारी) ओळ दिसत नसेल तर आधी किल्ल्या आणि पोर्ट तपासा.

जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय लिनक्स टाकून ऑफिसात ठेवा, त्यावर आयपी फॉरवर्डिंग आणि नॅट चालू करा (म्हणजे व्हीपीएनमधून आलेलं ऑफिसच्या बाकी मशीनपर्यंत पोचेल) आणि राउटरवरून यूडीपी ५१८२० हे वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट तिकडे वळवा (यूडीपी म्हणजे वायरगार्ड वापरतं ती डेटा पाठवण्याची पद्धत). तुमचं रिमोट डेस्कटॉप आजवर बाहेरून चालत होतं, म्हणजे पब्लिक आयपी, बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता, आहे. पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं. (राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असता, तर इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा किंवा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर, घ्या, असं सांगावं लागलं असतं.) आयपी बदलता असेल तर डायनॅमिक डीएनएस लावा, म्हणजे बदलत्या आयपीला एक कायमचं नाव मिळतं. मात्र त्या नावामागचा आयपी वायरगार्ड फक्त सुरू होताना शोधतं, म्हणून ऑफिसची लाइन जाऊन आली की सगळ्यांना ‘एकदा बंद करून चालू करा’ असा निरोप द्यावा लागेल.

आता खरी डोकेदुखी. तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमधले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील, तर बऱ्याच लोकांच्या घरचेही तसेच निघतील. मग हँडशेक होतो, सगळं हिरवं दिसतं आणि टॅली काही उघडत नाही, कारण लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. लोक याचा दोष व्हीपीएनला देतात. कायमचा उपाय: एखाद्या रविवारी ऑफिसच्याच पत्त्यांची रेंज बदला, १०.४७.१२ वगैरे, कुणाच्या घरी नसेल अशी. प्रिंटर आणि टॅलीच्या सेटिंगमधला सर्व्हरचा पत्ताही त्याच दिवशी बदला, नाहीतर सोमवारी सकाळी फोन सुरू होतील.

लॅपटॉपवरच्या वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’मध्ये (कोणत्या पत्त्यांकडे व्हीपीएनमधून जायचं त्या यादीत) ऑफिसची रेंज आणि व्हीपीएनची रेंज एवढंच लिहा. इंटरनेटवरची उदाहरणं बघून तिथे ०.०.०.०/०, म्हणजे ‘सगळे पत्ते’, टाकलंत, तर त्या लॅपटॉपवर मुलांनी लावलेलं यूट्यूबही ऑफिसच्या लाइनवरून धावेल.

काही हॉटेलांच्या वायफायवर यूडीपी अडवतात, तिथे वायरगार्ड चालत नाही. फिरतीचं कुणी असेल तर त्याने मोबाइलचा हॉटस्पॉट वापरावा. आणि वायरगार्डच्या सेटिंगची (किल्ली असलेली) एकच फाइल दोघांना वाटू नका, दोघं एकाच वेळी जोडले की आळीपाळीने एकमेकांना बाहेर ढकलतात. किल्ली वेगवेगळी असली की कुणी नोकरी सोडली तर सर्व्हरच्या फाइलमधून त्याच्या नावच्या तीन-चार ओळी काढायच्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची.