एका ‘लिस्त’ची अनेक पानं

चेक देशातल्या ब्रनो शहरात शिकायला निघालेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: तिकडून मागवलेल्या कागदपत्रांच्या यादीत ‘रोदनी लिस्त’ असं लिहिलंय. चेक-इंग्रजी कोशात ‘लिस्त’ बघितलं तर झाडाचं पान, कागदाचा ताव, वर्तमानपत्र, दाखला असे चार-पाच अर्थ निघाले. तेवढ्यात खोलीत सोबत राहणाऱ्या स्लोव्हाक मुलीचा निरोप आला, ‘तुला लिस्त पाठवलंय.’ म्हणजे तिने नक्की काय पाठवलं? अशा अनेकार्थी शब्दाचा अनुवाद करताना अर्थ निवडायचा कसा, आणि चेक-स्लोव्हाक इतक्या सारख्या असताना दोन वेगळे कोश लागतात का?

आधी त्या निरोपाचं सांगते. तुमच्या मैत्रिणीने पत्र पाठवलंय. स्लोव्हाकमध्ये पत्राला ‘लिस्त’च म्हणतात. चेकमध्ये मात्र रोजच्या पत्राला ‘दोपिस’ हा वेगळा शब्द आहे, म्हणून चेक कोशात तुम्हाला पत्र हा अर्थ ठळकपणे दिसला नसेल. (उच्चार ‘लिस्त’च करा, ‘लिस्ट’ नको. चेक त आपल्या दंत्य तच्या जवळचा आहे.)

पण चेकमधूनही तो अर्थ पुरता गेलेला नाही, आणि मला या शब्दाची खरी गंमत तिथेच वाटते. चेकमध्ये पोस्टमनला ‘लिस्तोनोश’ म्हणतात, म्हणजे लिस्त वाहून नेणारा. चेक मूलभूत हक्कांच्या सनदेच्या १३व्या कलमात पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेला जो शब्द आहे, त्यातही ‘लिस्त’च आहे. बायबलमधली संत पॉलची पत्रंही चेकमध्ये ‘लिस्त’. म्हणजे सुटा शब्द तो अर्थ सोडून गेला, पण जोडशब्दांत, कायद्यात आणि धर्मग्रंथात तो टिकून राहिला. मराठीतही हे घडतं. ‘वेठ’ हा शब्द आता सुटा कोण वापरतं? पण ‘वेठीला धरणं’ रोज कानावर येतं.

आता कोशातल्या त्या चार-पाच अर्थांकडे मराठी कानांनी बघा. झाडाचं पान, कागद, पत्र, वर्तमानपत्र, दाखला. हा सगळा पसारा आपल्या ‘पत्र’ या एका शब्दात आहे. बिल्वपत्र आणि तुळशीपत्र म्हणजे पान, टपालाने येतं ते पत्र, सकाळी दारात पडतं ते वृत्तपत्र आणि कचेरीतून मिळतं ते प्रमाणपत्र. प्रागमध्ये १८६१ साली निघालेल्या प्रसिद्ध वर्तमानपत्राचं नाव ‘नारोदनी लिस्ती’ होतं, म्हणजे शब्दशः राष्ट्रीय पत्रं. चेक सुतार करवतीच्या पात्यालाही ‘लिस्त’ म्हणतो, आणि आपण गवताचं पातं, करवतीचं पातं, डोळ्याचं पातं म्हणतोच. नोव्हेंबर महिन्याचं चेक नाव ‘लिस्तोपाद’, पानगळीचा महिना. (स्लोव्हाकमध्ये मात्र तो सरळ ‘नोव्हेंबर’ असतो, आणि क्रोएशियन भाषेत हाच ‘लिस्तोपाद’ म्हणजे ऑक्टोबर. तारखांचा अनुवाद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की, ‘लिस्त’चे पाच अर्थ पाठ करू नका. तो एकच शब्द आहे, पानावरून निघून सपाट आणि पातळ अशा प्रत्येक गोष्टीवर पसरलेला. इंग्रजीने त्या प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द ठेवला, म्हणून इंग्रजी कोशातून बघितलं की त्याचे तुकडे तुकडे दिसतात. मराठीतून बघितलं की तो अखंड दिसतो.

मात्र अखंड दिसतो म्हणून डोळे मिटून ‘पत्र’ लिहायचं नाही. चेक कागदांत ‘ऊमृत्नी लिस्त’ असं येतं. त्यातला ‘मृत’ आपला ओळखीचाच, दोन्हींचं मूळ एक. पण त्याचं ‘मृत्युपत्र’ केलं तर अनर्थ होईल! ऊमृत्नी लिस्त म्हणजे मृत्यूचा दाखला, आणि मराठीत मृत्युपत्र म्हणजे माणसाने हयातीत करून ठेवलेली इच्छा. शब्दाचे दोन्ही भाग बरोबर जुळवूनही अर्थ साफ चुकतो. अनेकार्थी शब्दाचा अर्थ शब्दात शोधायचा नसतो, तो शेजाऱ्यांवरून ओळखायचा असतो. ‘लिस्त’च्या आधी जन्म किंवा मृत्यू आला तर दाखला, करवत आली तर पातं, आणि स्लोव्हाक वाक्यात पाठवणं, लिहिणं, मिळणं अशी क्रियापदं आली तर पत्र.

शेजाऱ्यांवरून अर्थ ओळखण्याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे चेक ‘होदिना’. होदिना म्हणजे तास, आणि शाळेतला तासही होदिनाच. ‘पहिला तास गणिताचा’ हे वाक्य चेकमध्ये जसंच्या तसं जातं. इंग्रजीत शाळेच्या तासाला वेगळा शब्द लागतो. शिवाय चेक शाळेतला तास ४५ मिनिटांचा असतो, त्यामुळे ‘आठवड्याला चार होदिनी’ असं अभ्यासक्रमात लिहिलं असेल तर ते घड्याळी तीन तास. इंग्रजीतून आलेला अनुवादक इथे हटकून चार तास मोजतो. पुढे आणखी आहे. ‘त्र्शी होदिनी’ म्हणजे तीन तास, आणि तीन वाजले असले तरी ‘त्र्शी होदिनी’च. ‘होदिनी’ या अनेकवचनाचा आणखी एक अर्थ घड्याळ. मग तीन घड्याळं कशी सांगायची? त्यासाठी चेकमध्ये संख्याच बदलते: ‘त्रोये होदिनी’. नेहमी अनेकवचनातच राहणाऱ्या नामांसाठी असलेल्या या वेगळ्या संख्यांमुळे घड्याळ आणि तास वेगळे पडतात.

अर्थ वेगळे करण्याचं काम व्याकरण करतं, हे चेक शिकताना पुन्हा पुन्हा भेटतं. ‘उखो’ म्हणजे कान. डोक्याला असलेल्या कानांचं अनेकवचन ‘उशी’, पण कपाच्या आणि भांड्यांच्या कानांचं ‘उखा’. कपाचा कान आपणही म्हणतो, पण आपलं अनेकवचन दोन्हीकडे ‘कान’च. ‘ओको’ म्हणजे डोळा. माणसाचे डोळे ‘ओची’, आणि सूपवर तरंगणारे तेलाचे गोल ठिपके ‘ओका’. स्लोव्हाकमध्येही हाच भेद आहे, थोड्या वेगळ्या रूपांनी. सुईला मात्र चेक आणि स्लोव्हाकमध्ये डोळा नसतो, कान असतो. त्यामुळे बायबलमधला उंट इंग्रजीत सुईच्या डोळ्यातून जातो आणि प्रागमध्ये सुईच्या कानातून. आपण मधल्यामध्ये ‘नेढं’ हा स्वतंत्र शब्द ठेवून बसलोय, त्यामुळे मराठी अनुवादकाला डोळाही नको आणि कानही नको.

‘म्येसीत्स’बद्दल थोडक्यात. चेकमध्ये चंद्र आणि महिना दोन्हींना हा एकच शब्द आहे, आपल्या ‘मास’चा भाऊ. ‘आम्ही ‘ना म्येसीत्स’ उडतोय’ (यातला ‘ना’ चेक आहे, ‘वर’ किंवा ‘साठी’ या अर्थाचा) याचा अर्थ महिनाभरासाठी विमानाने चाललोय असाही होतो आणि चंद्रावर चाललोय असाही. लिहिताना चंद्राचं पहिलं अक्षर मोठं काढतात. बोलताना संदर्भ बघायचा.

आता हातापायांकडे येते, कारण मराठी अनुवादकाला इंग्रजी सगळ्यात जास्त इथे नडते. चेक आणि स्लोव्हाकमध्ये ‘रुका’ म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात. ‘नोहा’ म्हणजे सगळा पाय. ‘पृस्त’ म्हणजे बोट, हाताचं किंवा पायाचं. (या शब्दात स्वराचं काम र करतो, म्हणून तो ऋने लिहिलाय. संस्कृतात ऋ स्वर का मानला, हे असे शब्द ऐकले की कानाला पटतं.) आपले हात, पाय आणि बोट तंतोतंत असेच आहेत. इंग्रजीत मात्र प्रत्येक ठिकाणी दोन शब्द आहेत आणि दोनपैकी एक निवडावाच लागतो. चेक माणूस म्हणाला ‘रुका दुखतेय’, तर इंग्रजी अनुवादकाला मनगटाच्या खाली की वर ते ठरवणं भाग पडतं, मूळ वाक्यात ते सांगितलेलं नसतानाही. तो अंदाजाने एक शब्द घेतो. मग त्या इंग्रजीवरून मराठी करणारा ‘दंड’ किंवा ‘बाहू’ लिहितो. मूळ माणूस फक्त ‘हात दुखतोय’ म्हणाला होता! इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मजकुरात जो अनावश्यक नेमकेपणा शिरतो, तो असा शिरतो, आणि तो चुकीचाही असू शकतो. चेकमधून थेट मराठीत आलात तर ही अडचण येतच नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही शरीरापासूनच देते. चेकमध्ये ‘रमेनो’ म्हणजे खांदा. स्लोव्हाकमध्ये ‘रमेनो’ म्हणजे दंड, खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग, आणि खांद्याला ‘प्लेत्से’ म्हणतात. एकाच शब्दाने शेजारच्या देशात हातभर जागा बदलली. दवाखान्याच्या कागदावर हे किती महागात पडेल याचा विचार करा. तेव्हा होय, दोन कोश लागतात.

खाण्यातलं उदाहरण सौम्य आहे. चेक ‘होर्की’ म्हणजे गरम, स्लोव्हाक ‘होर्की’ म्हणजे कडू. प्रागच्या कॅफेत ‘होर्का चॉकलेट’ मागितलंत तर गरम पेय येईल, आणि स्लोव्हाक राजधानी ब्रातिस्लावाच्या दुकानात त्याच नावाची वडी गडद, कडसर चॉकलेटची असेल. चेकमध्ये कडूला ‘होर्श्की’ म्हणतात, एका व्यंजनाचा काय तो फरक. दोन्ही शब्द जळण्याच्या एकाच धातूतून आलेत. त्या धातूचा संस्कृतातला वंशज ‘घर्म’, आणि त्यावरून आपला ‘घाम’. जळजळीत चवीला एकाने कडू म्हटलं, इतकंच. धूम्रपानाचंही तसंच. चेक ‘कोउर्झित’ म्हणजे सिगारेट ओढणं, आणि त्याचाच स्लोव्हाक जोडीदार ‘कूरित्य’ म्हणजे शेगडी पेटवून घर तापवणं. ओढण्याला स्लोव्हाकमध्ये ‘फायचित्य’ हा निराळा शब्द आहे.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तर जगभर पोचलंय. चेक ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करायचं काम, आपली वेठबिगार. चेक प्रदेश तेव्हा ज्या हाब्सबुर्ग राज्यात होता, तिथे ती १८४८ साली रद्द झाली. चेक लेखक कारेल चापेकने १९२०च्या आपल्या नाटकातल्या कृत्रिम कामगारांना ‘रोबोट’ हे नाव दिलं. ते भावाने, चित्रकार योझेफने, सुचवलं असं त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. चेक कानाला त्या नावात वेठीचा सूर ऐकू येतो. स्लोव्हाकमध्ये मात्र ‘रोबोता’ म्हणजे साधं काम, नोकरी. सकाळी ‘रोबोतेला चाललो’ म्हणणारा माणूस कसलीही तक्रार करत नसतो. तुम्ही ब्रनोला चाललाय म्हणून एक सांगते: ब्रनो ज्या भागात आहे त्या मोराव्हियाच्या बोलींतही हा शब्द साध्या कामासाठी ऐकू येतो. म्हणजे सीमा फक्त दोन देशांतली नाही, ती चेकच्या आतही आहे.

हे देश १ जानेवारी १९९३ला वेगळे झाले. त्याआधीच्या पिढीने दोन्ही भाषा रेडिओ-दूरदर्शनवर सतत ऐकल्या होत्या, त्यामुळे त्यांना असे शब्द सहज उलगडतात. आजही चेक कचेरीत स्लोव्हाक भाषेतला कागद अनुवादाशिवाय देता येतो. पण ते कळण्यापुरतं झालं. लिहिणाऱ्याला आणि अनुवाद करणाऱ्याला त्यावर विसंबता येत नाही.

इंग्रजीतून चेककडे जातानाही मराठीची मदत होते. इंग्रजीतल्या ‘नो’ला (know) चेकमध्ये तीन क्रियापदं आहेत. माहीत असणं ते ‘व्येद्येत’, ओळखणं ते ‘झ्नात’, आणि पोहता येणं, चेक येणं यातलं ‘येणं’ ते ‘उम्न्येत’. वाक्य आधी मनात मराठीत करा, योग्य क्रियापद आपोआप हाती लागेल. (व्येद्येतमध्ये ‘वेद’चा विद् आहे आणि झ्नातमध्ये ‘जाणणं’चा ज्ञा.) स्लोव्हाक मैत्रीण मात्र पोहता येण्यालाही ‘माहीत असणं’वालंच क्रियापद वापरेल. तिला दुरुस्त करायला जाऊ नका, तिच्या भाषेत तेच बरोबर आहे.

कोशांबद्दल शेवटचं. चेकसाठी चेक विज्ञान अकादमीच्या भाषासंस्थेची ऑनलाइन भाषापुस्तिका बघा. स्लोव्हाकसाठी स्लोव्हाक अकादमीच्या ल्युदोवीत श्तूर भाषासंस्थेचे कोश नेटवर खुले आहेत. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या चेक राष्ट्रीय कॉर्पसमध्ये (खऱ्या मजकुरांच्या संगणकीय संग्रहात) ‘इंटरकॉर्प’ नावाचा समांतर मजकुरांचा, म्हणजे मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवलेला, संग्रह आहे. एका चेक शब्दाला खऱ्या अनुवादांत इंग्रजीने किंवा स्लोव्हाकने कुठे काय पत्करलं, ते त्यात वाक्यासकट दिसतं. द्विभाषिक कोशातले अर्थ शेजाऱ्यांशिवाय उभे असतात, इथे शेजारी सोबत येतात.

तर यादीतला ‘रोदनी लिस्त’ म्हणजे जन्माचा दाखला. मराठीत तो ‘जन्मपत्र’ नको, कोणीतरी कुंडली समजेल. आणि मैत्रिणीचं पत्र पोचलं की तिला ‘द्याकुयेम झा लिस्त’ असं लिहा, म्हणजे पत्राबद्दल आभार. चेक शिक्षकांना कधी असं लिहायची वेळ आली तर तिथे ‘द्येकुयी झा दोपिस’ लिहा, लिस्तच्या जागी दोपिस घालायला विसरू नका.