फर्मेंटरमध्ये हवा वाढवूनही ऑक्सिजन वाढत नाही, कोणता इंपेलर लावू?

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या फर्मेंटरची (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीची) तुम्ही दिलेली मापं अशी: 5 घनमीटर द्रव, टाकीचा व्यास 1.6 मीटर, सहा सपाट पात्यांचा 53 सेंमी व्यासाचा रश्टन जातीचा इंपेलर (द्रव ढवळणारा पंखा), 120 आरपीएम, मिनिटाला 5 घनमीटर हवा. हवा वाढवली की मोटरचे अँपिअर पडतात आणि विरघळलेला ऑक्सिजन जागचा हलत नाही. इंपेलर जरूर बदला, पण त्याच व्यासाचा घेऊ नका.

अँपिअर पडतात तिथेच दुखणं आहे. सपाट पात्याच्या पाठीमागे कमी दाबाचा भोवरा असतो. हवा त्यात जाऊन बसते आणि इंपेलरचा द्रवावरचा जोर सुटतो. हवेचा प्रवाह भागिले (सेकंदाचे फेरे × व्यासाचा घन) हा आकडा तुमच्याकडे 0.28 येतो. या वेगाला रश्टन साधारण 0.14 पर्यंतच हवा पेलतो. त्यापुढची हवा दांड्याभोवतीने सरळ वर निघून जाते, तुम्ही कितीही सोडा.

अर्ध्या पाइपसारखी खोलगट पाती लावली तर हीच मर्यादा दुपटीहून वर, 0.3 च्या आसपास जाते. मात्र त्यांचा पॉवर नंबर (त्याच व्यासाला आणि वेगाला इंपेलर किती शक्ती ओढतो, त्याचा आकडा) 3 च्या जवळ, रश्टनचा 5.5. म्हणजे 53 सेंमीलाच ठेवलं तर हवा नसताना शक्ती 1.8 वरून 1 किलोवॅटवर येईल आणि ऑक्सिजन होता तिथेच राहील. बुडबुडे फुटतात ते द्रवात उतरलेल्या शक्तीने, नुसत्या आकाराने नाही. व्यास 60 सेंमी करा. शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, त्यामुळे पुन्हा 1.8 किलोवॅट मिळतील, मोटर-गिअरबॉक्स तेच चालतील, आणि हवा सोडल्यावरही त्यातला तीन चतुर्थांश भाग टिकेल. रश्टनचा आज निम्माही टिकत नसेल.

फॅब्रिकेटरला सांगा: 4 इंची पाइप उभा चिरून 15 सेंमी लांबीची सहा पाती, 45 सेंमीची डिस्क, बॅलन्सिंग करूनच द्यायचं. खोलगट बाजू फिरण्याच्या दिशेला पुढे हवी. मोटरचे फेज उलटे जोडले गेले तर सगळा फायदा जातो, म्हणून आधी पाण्यावर दिशा बघा. स्पार्जरची (इंपेलरखालून हवा सोडणाऱ्या नळीची) रिंग इंपेलरपेक्षा लहान, 48 सेंमीची, भोकं खालच्या बाजूला. रिंग मोठी राहिली तर हवा पात्यांना चुकवून बाहेरूनच वर जाते, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते.

अँटीफोम (फेस मारणारं द्रव्य) बेताने घाला, त्याने बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात.

ऑक्सिजन जास्त खर्च झाला की उष्णताही तितकीच वाढते, ऑक्सिजनच्या दर मोलमागे सुमारे 460 किलोजूल. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरचं पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा जॅकेटला (टाकीभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणाला) हा जादा भार झेपेल का, हे इंपेलरची ऑर्डर देण्याआधी तपासा.