मर्यादित सेव्ह आणि गेलेली वीज

प्रश्न : एका हॉरर गेमच्या सर्वांत अवघड मोडमध्ये संपूर्ण खेळात फक्त तीनदा सेव्ह करता येते. परवा अडीच तास खेळून झाल्यावर आमच्याकडे वीज गेली आणि सगळे पाण्यात गेले. हवे तेव्हा सेव्ह करण्याची मुभा का नसावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अडीच तासांची मेहनत अशी वाया गेल्यावर होणारी चिडचिड मी ओळखतो, तरीही ही मर्यादा काढून टाकावी, असे मी म्हणणार नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल 2’च्या 2019 मधील नव्या आवृत्तीत हार्डकोअर मोड निवडला की ऑटोसेव्ह बंद होतो आणि टाइपरायटरवर प्रत्येक सेव्हसाठी शाईची एक रिबन खर्ची पडते. रिबन मोजक्याच मिळतात, शिवाय सामानातली जागा अडवतात. शेवटची रिबन हातात असताना पोलीस ठाण्याच्या दालनात टाइपरायटरसमोर उभा राहिलेला खेळाडू पिस्तुलात किती गोळ्या उरल्या आहेत, पुढच्या अंधाऱ्या बोळातून धावत निघता येईल का, की आत्ताच सेव्ह करून टाकावे, याचा हिशेब मांडत राहतो, आणि माझ्या मते त्या मोडचा खरा खेळ तिथेच आहे. प्रत्येक दाराआधी सेव्ह करता आले असते, तर त्या बोळाची भीती उरलीच नसती.

तुमची तक्रार मात्र रास्त आहे, कारण चूक पुसण्यासाठी मागे जाणे वेगळे आणि खेळ थांबवावा लागणे वेगळे. ‘फॉलआउट 4’च्या सर्व्हायव्हल मोडमध्ये सुरुवातीला पलंगावर झोपल्याशिवाय सेव्ह होत नसे, पुढच्या एका अपडेटने बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय दिली. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’मध्येही 2018 मध्ये, म्हणजे प्रकाशनाच्याच वर्षी, तशी सोय आली. अर्थात वीज सांगून जात नाही, त्यामुळे मला ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’चा (2012) आयर्नमॅन पर्याय सर्वांत न्याय्य वाटतो. त्यात सेव्ह एकच असतो आणि गेम स्वतःच त्याच्यावर पुन्हापुन्हा लिहीत राहतो. मागे जाता येत नाही, पण वीज गेली तरी संध्याकाळ बुडत नाही.

तुमच्या गेममध्ये अशी सोय नसेल, तर संगणकाला छोटा यूपीएस जोडा आणि तीनपैकी एक सेव्ह हाताशी राखून ठेवा. वीज गेल्यावर मिळणारी काही मिनिटे जवळच्या सेव्हच्या जागेपर्यंत पोहोचायला बहुतेक वेळा पुरतात.