गडावरची पिवळी फुलं म्हणजे सोनकीच का?

तुमचे प्रश्न दोन: रतनगडावर उतारच्या उतार पिवळे करणारं आणि येताना रस्त्याकडेला कंबरेएवढं वाढलेलं, ही दोन्ही सोनकीच का? आणि बी आणून गच्चीत लावलं तर येईल का?

गडावरची सोनकी. रस्त्याकडेचं तुमच्या वर्णनावरून पिवळं कॉसमॉस वाटतंय. ते मूळचं मेक्सिकोकडचं, बागेसाठी आणलेलं आणि आता कुंपणाबाहेर सुटलेलं. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक ज्याच्यासमोर उभे राहून 'सोनकीचा बहर' म्हणून फोटो टाकतात, ते बऱ्याचदा हेच असतं. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली, त्यामुळे लांबून गल्लत होणारच.

ओळखायचं असेल तर फूल न तोडता देठाशी वाकवून त्याची मागची बाजू बघा. सोनकीला मागे हिरव्या, सारख्या उंचीच्या पात्यांची एकच रांग असते, एकमेकींना चिकटून उभी, छोट्या वाटीसारखी. कॉसमॉसला दोन रांगा दिसतात: बाहेरची हिरवी, बारीक आणि फाकलेली, आतली रुंद आणि पातळ. शिवाय कॉसमॉसची पाकळी टोकाला दातेरी असते, रंग नारिंगीकडे झुकतो आणि पानं चिरलेली. सोनकी स्वच्छ हळदी पिवळी, पानाच्या कडांना दाते, पण पान अखंड. उंचीला गुडघ्याच्या वर क्वचितच जाते. बी धरलेलं असेल तर प्रश्नच मिटला. कॉसमॉसचं बी काळं, लांबट आणि पँटला चिकटणारं. सोनकीच्या बीला पांढऱ्या केसांचा झुबका असतो आणि फुंकर मारली की ते उडतं.

भिंग असेल तर खिशात टाकून न्या. ज्याला आपण सोनकीचं एक फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ आहे. मधली फुलं कडेकडून आत अशी उमलत जातात, म्हणून एकाच फुलात बाहेरच्या कड्याला उमललेली आणि मध्यभागी अजून मिटलेल्या कळ्या दिसतात. उमललेल्या प्रत्येकात पुंकेसरांची एक नळी असते. तिच्यातून मधली दांडी वर येताना पराग बाहेर ढकलते आणि मग टोकाशी दुभंगून दोन्हीकडे वळते. हे एकदा बघितलंत की गडावर पोचायला उशीर होणार, हे धरून चाला.

कासला दिसणारी सगळी पिवळी फुलंसुद्धा सोनकी नसतात. लाल ठिपक्यांचं, ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात, तो कवला. तो शेंगांच्या कुळातला, सोनकीचा काही संबंध नाही.

जुन्या पुस्तकांत सोनकी सेनेसिओ ग्रॅहामी या नावाने सापडेल, आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. शोधताना दोन्ही टाकून बघा. सेनेसिओच्या अनेक जातींमध्ये यकृताला घातक अल्कलॉइड असतात, म्हणून सोनकी चहात, सॅलडमध्ये किंवा 'रानभाजी' म्हणून खायच्या फंदात पडू नका. (हा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता, पण रानातलं दिसेल ते औषधी म्हणून उकळून पिणारे मी पाहिलेत.)

आता गच्ची. मी तरी लावणार नाही. कातळावरची जेमतेम माती, सतत झिरपणारं पाणी, धुकं, थंड वारा आणि पाऊस ओसरल्यावरचं ऊन यात ती वाढते; तटबंदीच्या फटीतही उभी असते. कुंडीत हे सगळं जमवणं अवघड. आणि कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथून काहीही उचलायला बंदी आहे. गच्चीत पिवळं हवंच असेल तर नर्सरीतून झेंडू किंवा शेवंती आणा. कॉसमॉस मात्र नको, विशेषतः घर टेकडीलगत असेल तर.

पुन्हा जाणार असाल तर साधारण मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा, पाऊस लांबला तर थोडं पुढे. रतनवाडीतून अमृतेश्वराचं देऊळ बघून चढा किंवा साम्रदच्या बाजूने. नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, वर जाच, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा, शिड्यांवर रांग लागते.