बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटते, नस दुखावली असेल का?

निपाणीच्या ताई, असू शकतं. कधी स्नायूच फाटलेला असतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना नसा येतात कमरेखालच्या त्रिकास्थीतून (कण्याच्या खालच्या टोकाजवळचं हाड), तिथल्या दुसऱ्या ते चौथ्या नसांमधून, म्हणजे एस-२ ते एस-४ मधून. त्यांतून निघणारी प्युडेंडल नस लघवी-शौच रोखणारे बाहेरचे स्नायू सांभाळते. बाळ बाहेर यायला फार वेळ लागला की तीच ताणली जाते. बहुतेक वेळा काही महिन्यांत सावरते.

गंमत म्हणजे खोकल्याआधी हे स्नायू आपोआप आवळतात, आपल्याला कळतही नाही. तिथं उशीर झाला की थेंब सुटतो. म्हणून खोकण्याआधी मुद्दाम आवळायची सवय लावा. ‘बायकांना व्हायचंच’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पण बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर तडक बेळगावचा मोठा दवाखाना गाठा.